मोटारीच्या खोलीतला पॅरलल

त्या दिवशी मी वडगाव रासाईला निघालो तो अगदी साध्या कामासाठी. एका घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर इंटरनेट टिकत नव्हतं, ते नीट करून द्यायचं होतं. पिशवीत टेलिफोनची नवी वायर, स्क्रू-ड्रायव्हर, एक जुना पण खात्रीचा मोडेम आणि खोडरबर. खोडरबर पाहून लोक हसतात. पण मोडेमच्या कार्डाचे पिवळे दात काळे पडले की ते खोडरबरानंच उजळतात. निम्मे बिघाड तेवढ्यानं जातात.

ही गोष्ट दोन हजार पाचच्या थंडीतली. तेव्हा गावांत इंटरनेट म्हणजे टेलिफोनची तार. मोडेम नंबर फिरवायचा, किरकिरायचा, शिट्ट्या मारायचा आणि मग पलीकडचं जग हळूहळू उघडायचं. मी लहानपणीच उत्तरेकडच्या डोंगरातल्या वसतिगृहात शिकायला गेलेलो, पुढं दक्षिणेत इंजिनिअर झालो, आणि चांगली नोकरी सोडून दौंडला परत आलो. भीमेच्या दोन्ही काठांवरच्या गावांत घरोघरी ही तार पोचवायची, एवढं एकच डोक्यात होतं. देवावर नसेल इतका माझा त्या तारेवर विश्वास होता. तारेनं माणूस माणसाजवळ येतो, आणि खरं बोलणं एकदा सोपं झालं की खोटं आपोआप मरतं, असं मी भेटेल त्याला सांगत सुटायचो.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे पटत नव्हतं. त्यांचं दौंडला बी-बियाण्यांचं दुकान. गिऱ्हाइकासमोर ते माझ्याकडं बोट करून म्हणायचे, "एवढं शिकून आलंय आन् लोकांच्या घरात वायरी खुपसत फिरतंय." 'माझा मुलगा' असं कधी म्हणत नसत. 'हे' म्हणायचे.

मीही मग एक हट्ट धरला होता. आपल्याकडं अनोळखी पोरगा दिसला की पहिला प्रश्न ठरलेला, "कुणाचा रं तू?" मी वडिलांचं नाव सांगायचंच नाही असं ठरवलं होतं. माणसाला त्याच्या कामानं ओळखावं. कुणी विचारलं की मी म्हणायचो, "मी विश्वजीत. कॉम्प्युटरवाला."

त्या दिवशीही पारावरच्या एका म्हाताऱ्यानं गाडी अडवली.

"कुणाचा रं तू?"

"विश्वजीत. मेहमूदभाईंचं घर कुठं?"

"नाव न्हाई इचारलं. कुणाचा, म्हनलं." मी गप्प राहिलो तसा तो हसला. "मेहमूदभाईसमोर ही टुरटुर चालली नसती. त्यो तर सोताच्या पोरालाबी फोनवर हेच इचारायचा. जा, नदीच्या अंगाला शेवटचं घर."

दुपार कलली होती. उसाच्या रानातून गारठा वर येत होता. कुठंतरी गुऱ्हाळ चालू होतं, त्याचा गोड, जळका धूर जमिनीलगत पसरलेला. आणि त्यात मिसळलेला नदीचा वास. पुण्याची घाण पिऊन आलेली भीमा तिथं संथ होते, जलपर्णीखाली झाकून जाते. दिसत नाही, पण वास सोडत नाही.

घरात दोघीच होत्या. मुमताजचाची आणि त्यांची सून तहमीना. चाचींचा मुलगा शाकीर मस्कतला एका कंपनीत कामाला. जाण्याआधी त्यानंच हा जुना कॉम्प्युटर पुण्याहून आणून ठेवलेला. त्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता, आणि शेजारी टेलिफोन.

"तसा लागतो," तहमीना म्हणाली. ती शिरूरची, बारावी झालेली, तिला बटणं ठाऊक होती. "नंबर लागतो, सगळं उघडतं. पत्र लिहून होतं. पाठवायला गेलं की तुटतं. रोज."

"मोठं पत्र आहे?"

तिनं सासूकडं पाहिलं. चाची बोटांतल्या तसबीहचे मणी फिरवत राहिल्या.

"न्हाई बाळा," त्या म्हणाल्या. "ल्हानच हाय."

मग त्यांनी सांगितलं. मेहमूदचाचा पावसाळ्यातच गेले होते. धरणातून पाणी सोडलं तेव्हा नदीकाठची पाण्याची मोटार वर काढायला ते रात्रभर छातीएवढ्या पाण्यात उभे होते. त्यातून खोकला धरला, तो सुटलाच नाही. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी बायकोकडून वचन घेतलं. मला काही झालं तरी पोराला कळवायचं नाही. तो अर्ध्यातून निघून आला तर कंपनी परत घेणार नाही. करार पुरा होऊ दे, मग सांगा.

"गल्फात पोरं असलेल्या घरांत असंच करत्यात," चाची म्हणाल्या. "शाकीर फोन करायचा, आमी सांगायचो, शेतावर गेल्यात. घसा बसलाय. झोपल्यात. किती दिस सांगायचं?"

"आणि आता त्यांनी विचारायचंच सोडलंय," तहमीना हळूच म्हणाली. "पहिल्यांदा सारखं 'अब्बांना द्या, अब्बांना द्या'. आता नावच काढत नाहीत. त्यांना कळलंय. एकटेच रडत असतील तिकडं. ईदला येणार आहेत. मागच्या फोनवर म्हणाले, अब्बांसाठी मोठी बॅटरी घेतलीय, मोटारीवर जायला. मला वाटलं, हे मुद्दाम बोलतायत. आपण खरं सांगावं म्हणून."

"त्वांडानं सांगायला गेलं की माझा गळा बंद हुतोय," चाची म्हणाल्या. "म्हनून लिहून."

मला भरून आलं. ज्यासाठी नोकरी सोडली ते हेच होतं. एका आईला जे तोंडानं सांगता येत नाही ते तार सांगेल. मी म्हणालो, "चाची, आज पत्र जाईल. ते गेल्याशिवाय मी उठणार नाही."

असं म्हणायला नको होतं की काय, कोण जाणे.

मी कॉम्प्युटरचा डबा उघडला, कार्ड काढलं, खोडरबरानं दात घासले, परत बसवलं. भिंतीवरच्या डबीतली गंजलेली टोकं खरवडली. नवी वायर घातली. दरम्यान वीज गेली आणि दिवस मावळताना आली. आमच्याकडं संध्याकाळी येते ती सिंगल फेज, घरातले दिवे लागावेत एवढीच. पाण्याच्या मोटारींना लागणारी थ्री फेज तेव्हा बंद असते. नदीकाठ त्या वेळी अगदी मुका होतो.

कॉम्प्युटर घरघरत उठला. मोडेमनं नंबर फिरवला, शिट्ट्या झाल्या, लागलं. मी माझ्याच पत्त्यावर एक ओळ पाठवली. गेली. एक मोठं चित्र पाठवलं, त्याला खूप वेळ लागला, पण तेही गेलं. तार धडधाकट होती.

मग तहमीनानं लिहिलेलं पत्र उघडलं. 'अब्बा पावसाळ्यातच गेले. त्यांनीच सांगू नका म्हटलं होतं. अम्मीला माफ करा.' मी पाठवण्याचं बटण दाबलं.

टेलिफोनमधून बारीक आवाज आला. टिंग. आणि लाइन तुटली.

परत लावलं. परत चित्र पाठवलं. गेलं. पत्र पाठवलं. टिंग.

मी मोडेम बदलला. माझा खात्रीचा मोडेम लावला. चित्र गेलं, पत्र तुटलं. ते टिंग मला माहीत होतं. एकाच लाइनवर दोन फोन असतील आणि एकाचा रिसिव्हर कुणी उचलला की दुसऱ्याची घंटा अशी बारीक हलते. आणि मोडेम चालू असताना कुणी रिसिव्हर उचलला की इंटरनेट तुटतंच. बिघाड सापडला म्हणून मला हायसं वाटलं.

"चाची, या लाइनवर दुसरा फोन आहे का? पॅरलल?"



"मोटारीच्या खोलीत हाय," चाची म्हणाल्या. "नदीवर. शाकीरचा फोन सांजेला यायचा, आन् हे त्या वक्ताला मोटारीच्या लाइटीची वाट बघत तिथंच असायचे. म्हनून यांनी सोताच तार वढून नेली होती. यांनी उचलला की पयलं इचारायचे, 'कुणाचा रं तू?' त्यो म्हनायचा, 'तुमचाच, अब्बा.' मग दोघं बाप-ल्योक हसत बसायचे. मी इथनं ऐकायची."

"आता तिथं कोण असतं?"

"कोन असनार? कुलूप हाय."

मी घरातला रिसिव्हर उचलून कानाला लावला. डायल टोन नव्हता.

पाणी पडत होतं. पाइपातून हौदात पडतं तसं, जाड, एकसारखं. त्यामागं मोटारीची घुमघुम. आणि त्याच्याही अलीकडं, अगदी कानाजवळ, कुणीतरी खोकला दाबून धरल्यासारखा श्वास...

मी रिसिव्हर ठेवला. त्या वेळी नदीवर एकही मोटार चालू असणं शक्य नव्हतं.

"किल्ली द्या," मी म्हणालो. उंदरानं तार कुरतडली असेल, दोन तारा चिकटल्या असतील, दुसऱ्या कुणाच्या लाइनवरचा आवाज येत असेल. मी हे सगळं मोठ्यानं बोललो. चाचींनी किल्ली पुढं केली.

उसातली वाट उतरत नदीला जाते. पूर्ण अंधार पडला नव्हता, राखाडी उजेड होता. तार खांबाखांबानं माझ्या डोक्यावरून चालली होती. खाली जावं तसा वास दाट झाला, गुऱ्हाळाचा धूर मागं राहिला. हौद कोरडा होता. त्याच्या तळाला चिखल वाळून भेगाळलेला. मी वाकून हात लावला. कोरडाच.

खोलीच्या कुलपावर कोळ्याचं जाळं होतं. कडीपासून चौकटीपर्यंत, अख्खं. मीच ते तोडलं.

आत ग्रीसचा, ओल्या सुतळीचा आणि विडीचा वास. विजेरी फिरवली. मोटार एका कोपऱ्यात, तिच्यावर पुराच्या पाण्यातला गाळ तसाच. हात लावला तर गारढोण. भिंतीशी बाज, तिच्या उशाला फळी, फळीवर लाल टेलिफोन. आणि रिसिव्हर बाजेवर. उशीवर ठेवल्यासारखा.

मी तो उचलला. ज्या बाजूनं बोलतात त्या जाळीवर ओल होती. थंडीत काचेवर फुंकर मारल्यावर धरते तशी वाफ. मी बघत असतानाच ती हळूहळू विरली.

मी पळालो नाही, हे मात्र सांगतो. मनाशी म्हणालो, थंडीचं दव आहे. पक्कड काढली, तार कापली, टोकाला चिकटपट्टी गुंडाळली आणि फोन पिशवीत घातला. कुलूप लावून वर चढलो. मागं पाणी पडत नव्हतं. एवढं नक्की.

घरी आल्यावर तो लाल फोन काढून टेबलावर ठेवला. तुटकी तार खाली लोंबत होती. चाचींनी त्याला हात लावला नाही, पदर तेवढा तोंडाशी नेला.

"आता बघा," मी म्हणालो.

लागलं. पत्र उघडलं. बटण दाबलं. पट्टी सरकत गेली, सरकत गेली. पाठवलं गेलं.

तहमीना भिंतीला टेकून रडू लागली. शाकीर रोज या वेळी त्याच्या खोलीखालच्या इंटरनेटच्या दुकानात बसून पत्रं बघतो, हे तिला ठाऊक होतं. "वाचलं की फोन करतील. लगेच." मी मोडेम काढून लाइन मोकळी केली. घरातल्या फोनचा डायल टोन तपासला. चांगला होता. तिघंही त्या फोनभोवती बसलो. चहा निवला. चाची तसबीह ओढत होत्या. बाहेर ऊसतोडणीवाल्यांच्या बैलगाड्या गेल्या, त्यांच्या घुंगरांचा आवाज दूर जाईपर्यंत आम्ही ऐकत राहिलो.

फोन वाजला नाही.

फक्त एकदा, मी उठायच्या तयारीत असताना... टिंग.

घरातला फोन नव्हता तो. तिघांनीही लाल फोनकडं पाहिलं. आतली स्प्रिंग सैल असेल, मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तहमीनानं बोलावलं म्हणून परत गेलो. शाकीरचं उत्तर आलं होतं. तिनं ते वाचलं होतं, पण सासूला वाचून दाखवायची तिची हिंमत नव्हती. मी वाचलं.

'अम्मी, हे असलं कुणी लिहिलं? लगेच खालून फोन लावला. पहिल्या रिंगला अब्बांनीच उचलला. "कुणाचा रं तू?" म्हणाले. मला बोलवेना, रडूच आलं. हल्ली आम्ही रोज बोलतो तेव्हा तर बरे असतात. मी पत्राचं सांगितलं. म्हणाले, कुणीतरी परका पोरगा आपल्या घरात बसून मशीनवर लिहितोय, त्यानं माझी तार तोडली. पाण्याचा आवाज फार होता, पुढचं नीट ऐकू आलं नाही. पण दोनदा विचारलं, तो पोरगा कुणाचा? अम्मी, तो कुणाचा आहे ते त्यांना सांगून टाका. फार थंडी वाजल्यासारखे बोलत होते.'

चाचींनी मान वर केली.

"खोकला हाय का म्हनं अजून?"

"चाची..."

"बघ की बाळा नीट. खोकल्याचं लिवलंय का?"

"नाही लिहिलेलं."

त्यांनी श्वास सोडला. मग म्हणाल्या, "तार जोडून दे."

"चाची, हे खरं नाही. शाकीरला खरं कळायला हवं. आपण परत लिहू, मी स्वतः फोन करून..."

"तू सांगितलंस की खरं. ऐकलं का त्यानं?"

"आणि ईदला ते घरी आले की?" तहमीना ओरडलीच. "तेव्हा काय दाखवायचं त्यांना, अम्मी? कबर?"

"तवाचं तवा बघू." चाचींनी तो लाल फोन उचलून पोटाशी धरला. "तोवर हे कुणाशी तरी बोलत्यात ना. थंडीत एकटे न्हाईत."

मी तार जोडली. माझी सगळी भाषणं गिळून, त्या राखाडी उजेडात, मीच जोडली. रिसिव्हर जागेवर ठेवला, बाजेवर नाही. खोलीतून बाहेर पडलो तेव्हा मागं टिंग झालं का, ते मी ऐकलं नाही. मी मोठ्यानं काहीतरी गुणगुणत होतो.

वाटलं होतं, तेवढ्यावर संपलं.

पुढच्या आठवड्यात खुटबावला एका घरी गेलो. त्या घरच्या कुशाबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "तुझं इचारत व्हतं रं कुनीतरी फोनवर. त्यो वायरवाला पोरगा कुणाचा, म्हनं. म्या म्हनलं, आमाला काय ठावं? त्यो कवा सांगतोय व्हय बापाचं नाव?"

"कोण होतं?"

"न्हाई सांगितलं. लई पानी पडत व्हतं मागं."

मग केडगावच्या एका दुकानात तेच. मग पाटसला. जिथं जिथं मी तार ओढली होती, मोडेम बसवला होता, त्या घरांत दिवेलागणीला फोन वाजत होता. माझ्या हातानं जोडलेल्या तारांवरून एकेक घर विचारत तो चालला होता. प्रत्येक जण मला हसत हसत एकच सांगायचा, "आमी काय सांगनार? तू कुनाचा ते कुनालाच ठाव न्हाई."

माझा हट्ट मला पहिल्यांदाच उबदार वाटला. मी कामं बंद केली. आमच्याकडं एकच फोन, दुकानात गल्ल्याशेजारी. त्यावर मी लक्ष ठेवून राहू लागलो. दिवेलागणीला दुकानातून हलायचो नाही. आप्पांना हे नवल वाटलं, पण बरंही वाटलं असावं. गिऱ्हाइकांसमोर त्यांनी 'हे' म्हणणं सोडलं होतं.

त्या संध्याकाळी त्यांनीच मला स्टेशनवर पार्सल सोडवायला पाठवलं. गाडी उशिरा आली. परत आलो तेव्हा ते फळी लावायच्या तयारीत होते, आणि चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं हसू होतं.

"अरे, तुझं नाव झालंय की गावागावांत," ते म्हणाले. "एका म्हाताऱ्याचा फोन आला होता आत्ता. तार जोडून देणारा पोरगा कुणाचा, म्हनला. कवापासनं शोधतोय, कुणी सांगंना."

माझ्या हातातून पार्सल खाली पडलं.

"तुम्ही... काय म्हणालात, आप्पा?"

"काय म्हननार?" त्यांनी छाती जरा पुढं काढली. "माझाच की, म्हनलं. सावळारामचा."

मग त्यांनी गल्ल्याशेजारच्या फोनकडं पाहिलं, आणि ते हसू जरा गोंधळलं.

"पन ठेवताना कसं बोलला बघ. म्हनला, बरं झालं. आता पोराला नीट हाक मारता येईल."